घरच्या लोशन आणि स्प्रेसाठी प्रिझर्वेटिव्ह : कुठला कशात चालतो, माझा रिव्ह्यू

घरी लोशन करणाऱ्यांचा सगळा जीव तेलं, बटर आणि सुगंधात अडकलेला असतो आणि प्रिझर्वेटिव्ह शेवटी "टाकू कुठलातरी एक" म्हणून येतो. खरं तर जिथे पाणी आहे, म्हणजे गुलाबजल, कोरफड जेल, काढा काहीही, तिथे सगळ्यात आधी तोच ठरवायला हवा. नुसतं तेल, मेण, बटर असलेल्या बामला त्याची गरज नाही. आणि हो, व्हिटॅमिन ई प्रिझर्वेटिव्ह नाहीये हो! ते तेल खवट होणं लांबवतं, बॅक्टेरिया-बुरशीला त्याचं काहीही वाटत नाही.

लोशनसाठी माझा पहिला नंबर फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्झिलग्लिसरीनच्या तयार मिश्रणाला. फिनॉक्सीइथेनॉल एकटं बुरशीपुढे जरा कमी पडतं, जोडीला हे दुसरं आलं की काम नीट होतं. पीएचची (पदार्थ किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) फारशी कटकट नाही, म्हणून नवीन माणसाला मी डोळे झाकून हेच सांगते. ०.५ ते १ टक्का, त्याच्या वर जायचं नाही, युरोपात फिनॉक्सीइथेनॉलची मर्यादाच १ टक्का आहे. म्हणजे २०० ग्रॅम लोशनला जास्तीत जास्त २ ग्रॅम, आणि ते थेंब मोजून नाही तर ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. लोशन ४० डिग्रीच्या आसपास आलं की टाका आणि भरपूर ढवळा. तक्रार एकच, काही लोशनं याने पातळ होतात, क्वचित फुटतातही, त्यामुळे इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक) दमदार हवा.

याच मिश्रणाचा पाण्यासारख्या स्प्रेमध्ये मात्र मला कंटाळा येतो. हे पाण्यापेक्षा जड, टाकल्यावर तेलकट मणी होऊन तळाशी जाऊन बसतात, बराच वेळ ढवळावं लागतं आणि तरी पाणी थोडं गढूळ दिसतंच. सोल्युबिलायझर (तेलकट गोष्ट पाण्यात मिसळवणारा घटक) घातला तर जमतं, पण मग स्प्रे चिकट लागतो.

आता लिक्विड जर्मॉल प्लस, हे आणखी एक तयार प्रिझर्वेटिव्ह. लोशनमध्ये वापरायला याच्याइतकं सोपं काही नाही, ०.१ ते ०.५ टक्क्यात काम होतं, पाण्यात पटकन विरघळतं, इमल्शनला धक्का लावत नाही, फक्त ५० डिग्रीच्या खाली टाकायचं. यात फॉर्मल्डिहाइड सोडणारा घटक आहे, त्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी लांब राहावं. पण माझा खरा मुद्दा स्प्रेचा आहे. पाण्यात विरघळतं म्हणून लोक सरळ रूम स्प्रे, फेस मिस्टमध्ये घालतात, आणि यात आयोडोप्रोपिनिल ब्युटाइलकार्बामेट असतं जे श्वासातून आत जाऊ नये असं मानतात. त्यामुळे बारीक फवारा उडणाऱ्या कशातही हे नको, कितीही सोयीचं असलं तरी नको.

मग स्प्रेला काय? मी सोडियम बेंझोएट ०.५ टक्का आणि पोटॅशियम सॉर्बेट ०.३ टक्का घेते. दोन्ही पावडरी पाण्यात झटकन विरघळतात, वास जवळजवळ नाही. पण इथे पीएच म्हणजे सगळं काही. बेंझोएट मारतं ते त्याच्या आम्ल रूपात, आणि पीएच ४.२ ला ते निम्मं त्या रूपात असतं, ५ ला साधारण १४ टक्के उरतं आणि ६ ला जेमतेम दीड टक्का. म्हणजे पीएच ६ च्या गुलाबजलात बेंझोएट टाकणं म्हणजे नुसतं मनाचं समाधान. त्यात या दोन्ही पावडरी स्वतःच पीएच थोडा वर नेतात, म्हणून त्या विरघळल्यावरच मोजायचं, मग सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी थेंब थेंब टाकत, दरवेळी ढवळून पीएचची नवी पट्टी बुडवत ४.५ पर्यंत आणायचं. सुरुवातीला आकडा पटकन घसरतो, ४.५ च्या जवळ आलं की मात्र हळूहळू उतरतो, घाई नको. सुडोमोनास जातीच्या बॅक्टेरियासमोर ही जोडी तशी लेचीपेची आहे, म्हणून ०.१ टक्का डायसोडियम ईडीटीए किंवा सोडियम फायटेट (पाण्यातले धातूचे अंश बांधून प्रिझर्वेटिव्हला मदत करणारे घटक) सोबत, बाटली लहान आणि फ्रिजमध्ये.

"नॅचरल" हवंच असेल तर बेंझिल अल्कोहोल आणि डीहायड्रोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचं मिश्रण बरं आहे, पीएच ५.५ च्या खाली ठेवा, बदामासारखा हलका वास येतो आणि कधी रंग पिवळट होतो. मला चालतं, पण सुगंध नाजूक असेल तर हा वास मध्ये येतो. ग्रेपफ्रूट बियांच्या अर्कावर माझा विश्वास नाही, बाजारातल्या बऱ्याच नमुन्यांमध्ये तपासणीत बेंझेथोनियम क्लोराइडसारखी सिंथेटिक जंतुनाशकं सापडली होती. आणि पॅराबेन या जुन्या प्रिझर्वेटिव्हना उगाच बदनाम केलंय, २०१९ मध्ये अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने त्यांना "नॉन-अ‍ॅलर्जन ऑफ द इयर", म्हणजे अ‍ॅलर्जी न करणारा वर्षाचा घटक, म्हटलं होतं.

वास आणि रंग ठीक आहे म्हणून लोशन चांगलंय असं धरू नका, बॅक्टेरिया बक्कळ वाढले तरी कित्येकदा काहीच दिसत नाही. विकायचं असेल तर लॅबमधून चॅलेंज टेस्ट करून घ्याच, त्यात मुद्दाम जंतू आणि बुरशी सोडून २८ दिवस बघतात. घरापुरतं असेल तर उघड्या डबीऐवजी पंपाची बाटली घ्या आणि थोडं थोडंच बनवा.