विहिरीच्या पाण्याची तपासणी पेटी: कोणती कुपी कामाची, कोणती शोभेची

विहिरीसकट घर ताब्यात आलं की पाण्याचा प्रश्न बरेच जण एका पेटीनं सोडवायला बघतात. कोणतीही घ्या, आत ऐवज साधारण तोच: पीएच, जडपणा, नायट्रेट, लोह, फ्लोराइड आणि क्लोरीनसाठी थेंबांच्या कुप्या, जंतूंसाठी काळी पडणारी बाटली, रंगांचं कार्ड आणि वर एक टीडीएस मीटर. आमचं मत आधीच सांगतो. पेटी घेण्यासारखी आहे, पण प्रयोगशाळेचा पहिला अहवाल हातात आल्यावर. त्याआधी घेतली तर ती खोटा धीर देते.

सगळ्यात जास्त गैरसमज त्या मीटरचा. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला ठरावीक गुणकानं, बहुधा ०.५ ते ०.७, गुणून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज दाखवतो. बस, एवढंच. २०० दाखवणाऱ्या पाण्यात मैल्याचे जंतू असू शकतात आणि ९०० वालं मचूळ पाणी जंतूंच्या बाबतीत निर्धोक निघू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेचं आर्सेनिकसाठीचं मार्गदर्शक मूल्य लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, मीटरचा लहानात लहान टप्पा १ मिलिग्रॅमचा. तेव्हा शुद्धतेचा दाखला म्हणून तो निरुपयोगी. मात्र एकाच विहिरीचा आकडा दर महिन्याला लिहून ठेवला आणि तो एकदम चढला, तर सांडपाणी किंवा खारं पाणी झिरपतंय का, हे पाहायला लागा. आरओचा पडदा थकलाय का, हेही आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचे आकडे ताडून कळतं.

काळी पडणारी बाटली कल्पक आहे. हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जंतू असले तर आतल्या लोहक्षारामुळे पाणी २४ ते ४८ तासांत काळं होतं. पण खोली थंड असेल तर ती उशिरा बोलते किंवा बोलतच नाही. २५ ते ३५ अंश तापमान हवं. पाण्याला मुळातच सडक्या अंड्यांसारखा वास येत असेल, तर ती मैल्याशिवायही काळी पडते. आणि मोठी मेख आकारमानात आहे. ई. कोलाय या मैल्याची खूण असलेल्या जंतूचा निकष १०० मिलिलिटरमध्ये एकही नको, असा आहे. बाटलीत मावतं बहुधा २० मिलिलिटर. म्हणजे काळी झाली तर पाणी उकळायला घ्या. नाही झाली तर निश्चिंत होऊ नका.

जडपणाची कुपी या पेटीतली सर्वात भरवशाची. बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) आणि सूचक (रंग दाखवणारा थेंब) टाकल्यावर लालसर झालेलं पाणी थेंब मोजत स्वच्छ निळं होईपर्यंत न्यायचं. जांभळ्या रंगावर थांबणं ही नेहमीची चूक, त्यामुळे आकडा कमी येतो. बाटली उभी सरळ धरा. तिरपी धरली की थेंबांचा आकार बदलतो. घरात सॉफ्टनर, म्हणजे राळेनं जडपणा काढणारा आणि ती राळ मिठानं ताजी करणारा फिल्टर, बसवला असेल तर ही कुपी रोजच्या कामाची: सूचक टाकताच पाणी निळं झालं तर राळ काम करतेय, लाल झालं तर मीठ संपलंय.

नायट्रेटच्या कुपीत दोन खड्डे आहेत. दुसऱ्या बाटलीत जस्ताची भुकटी असेल तर ती तळाशी बसते; जोरात हलवली नाही तर पाण्यात नायट्रेट असूनही रंग फिका येतो. दुसरा खड्डा एककाचा. मार्गदर्शक मूल्य नायट्रेट म्हणून लिटरमागे ५० मिलिग्रॅम, पण नायट्रोजन म्हणून मोजलं तर तेच ११ च्या आसपास. कार्डावर कोणतं छापलंय ते बघा. नायट्रोजनचा आकडा ४.४ नं गुणला की नायट्रेटचा मिळतो. घरात तान्हं बाळ असेल तर हा फरक जिवाशी येऊ शकतो. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट वाढतं.

लोहाची चाचणी पाणी काढल्या काढल्या करा. ताजं पाणी नितळ आणि तासाभरात तांबूस, हे विरघळलेल्या लोहाचं लक्षण. फ्लोराइडची कुपी ढोबळ अंदाजापुरती ठीक. रंगाच्या पट्ट्या वेगळ्या मिळतात, त्या घेऊ नका.

जंतूंचा पक्का तपास आणि आर्सेनिक, शिसं, फ्लोराइड प्रयोगशाळेकडूनच करून घ्या. जंतूंच्या नमुन्याची बाटली निर्जंतुक असते, ती विसळायची नाही; आतली भुकटी क्लोरीन मारण्यासाठी असते. नळाची जाळी काढा, तोटी ज्योतीनं भाजा, पाणी दोन-तीन मिनिटं सोडा आणि मग भरा. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. शिशाचा नमुना नेमका उलट: रात्रभर साठलेलं पहिलंच पाणी.

अहवालात जंतू निघाले तर आधी विहिरीचं तोंड, कठडा आणि शोषखड्ड्याचं अंतर बघा. मुळातली गळती तशीच ठेवून टाकलेलं क्लोरीन आठवडाभराचं औषध ठरतं. मग हिशेब. विहीर ३ मीटर रुंद आणि ४ मीटर पाणी असेल तर साठा सुमारे २८,००० लिटर. लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन म्हणजे १.४ किलो, ब्लीचिंग पावडर ३३ टक्के ताकदीची असेल तर सव्वाचार किलो, जुनी होऊन २५ वर आली असेल तर साडेपाचच्या वर. पावडर थेट टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळीच विहिरीत ओता. विहिरीत उतरायचं नाही. सॉफ्टनर आणि कार्बन फिल्टर वळसा घालून बंद ठेवा, प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पंप चालवा, १२ ते २४ तास थांबा, मग उपसून टाका. ते पाणी शोषखड्ड्यात किंवा झाडांना नको.

इथे क्लोरीनची कुपी फसवते. गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी जास्त क्लोरीनमध्ये रंगच उडवून टाकते आणि ‘क्लोरीन शून्य’ असं भासवते. क्षणभर गुलाबी चमकून पाणी रंगहीन झालं तर नमुना दहापट पातळ करून पुन्हा बघा. पिवळ्या रंगाची जुनी चाचणी देणारी पेटी टाळा. ती मुक्त (अजून जंतू मारू शकणारं) आणि बांधलेलं (अमोनियासारख्या घाणीशी जोडलं गेलेलं) क्लोरीन वेगळं दाखवत नाही. क्लोरीन खरंच शून्य झाल्यावर, आठवड्या-दोन आठवड्यांनी जंतूंचा नमुना पुन्हा द्या.

कायमची उपकरणं घेताना क्रम चुकला की पैसे पाण्यात: गाळ, मग लोह, मग जडपणा, मग कार्बन, शेवटी जंतू मारणारा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा. गढूळ किंवा लोहाच्या पाण्यात यूव्हीची काचनळी माखते आणि जंतू सावलीत सुटतात. दिवा जळतोय म्हणून तो काम करतोय असं नाही. साधारण ९,००० तासांनी बदलावाच लागतो. नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिकला पिण्याच्या नळापुरता आरओ पुरे, पण भूजलातलं आर्सेनिक बऱ्याचदा अशा रूपात असतं की आरओ त्याला नीट अडवत नाही. त्याला आधी क्लोरीन लागतं, आणि पडदा वाचवायला त्या क्लोरीनला आरओच्या अलीकडे कार्बन.

पेटी घेताना झाकणावरची नाही, प्रत्येक कुपीवरची मुदत वाचा.