क्रॉफर्ड मार्केटचा फळबाजार: चाकरमान्यांनी बाराही महिने जावे असे ठिकाण

महात्मा जोतिबा फुले मंडईत, म्हणजे सर्वांच्या तोंडी बसलेल्या क्रॉफर्ड मार्केटात, बहुतेक मुंबईकर फळे घ्यायला वर्षातून एकदाच जातात, आणि तेही एप्रिल-मे महिन्यांत हापूसची पेटी आणायला. फोर्टात नोकरी करून रोज सीएसएमटीहून लोकल पकडणारी माणसेही याला फारशी अपवाद नाहीत. मी त्याच गर्दीतली एक आहे आणि कामावरून सुटल्यावर, गाडीत बसण्याआधी, या बाजारातून एक फेरी मारण्याचा माझा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता आहे. त्या अनुभवाच्या जोरावर मी ठामपणे म्हणते की, या बाजाराचा खरा लाभ वर्षभर थोडेथोडे घेणाऱ्या गिऱ्हाइकाला होतो, कारण फळाची पारख आणि गाळेवाल्याचा विश्वास या दोन्ही गोष्टी एका मे महिन्यात हाती लागत नाहीत. शिवाय आमच्या कचेरीत बारा महिने एकच थंड हवा असते, खिडक्या उघडत नाहीत आणि समोरच्या इमारतीच्या काचेवरून ऋतू ओळखता येत नाही. बाहेर वर्ष कुठवर आले आहे, हे मला या बाजारात शिरल्यावर कळते.

सीएसएमटीहून दादाभाई नौरोजी मार्गाने उत्तरेकडे चालत निघाले की डावीकडे टाइम्सची इमारत, पुढे त्याच बाजूला सर ज. जी. (जे. जे.) कला महाविद्यालयाचे झाडीने भरलेले आवार, आणि मग घड्याळाचा मनोरा दिसू लागतो. चालायला दहा मिनिटे पुरतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून पश्चिम उपनगरांतल्या लोकांनाही इथे येणे सोपे झाले आहे. इमारत १८६९ साली पूर्ण झाली. आराखडा विल्यम इमर्सन यांचा आणि नाव मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचे. प्रवेशद्वारावरच्या कमानींत दगडात कोरलेले शेतकरी आहेत, ते जे. जे.मध्ये शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांच्या हातचे. घाईत असलेल्या माणसाची मान सहसा तितकी वर जात नाही, पण आत जाण्यापूर्वी ती एकदा वर करावी. शेतात राबणाऱ्या माणसांखालून शेतमाल घ्यायला जाणे मला आजही अर्थपूर्ण वाटते.

घाऊक फळबाजार १९९६ मध्ये नवी मुंबईला गेला. आता इथे उरला आहे तो मुख्यतः किरकोळ व्यापार, आणि पुनर्विकासाचे कामही टप्प्याटप्प्याने चालू असल्यामुळे एखादा भाग पत्र्यांआड गेलेला दिसतो. तरीही वाशीहून येणाऱ्या मालातला निवडक माल इथे येतो, आणि उपनगरातल्या गाडीवर जे फळ दिसत नाही, किंवा दिसले तरी हंगाम संपत आल्यावर दिसते, ते इथे वेळेवर मिळते.

हापूसबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण लोक सर्वांत जास्त पैसे त्यातच घालवतात. जानेवारी-फेब्रुवारीत देवगड-रत्नागिरीकडच्या पहिल्या पेट्या येतात, त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात आणि भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असतो. त्या फळाच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोकणात पाऊस वेळेवर परतला आणि नोव्हेंबर-डिसेंबरात चांगली थंडी पडली, तर मोहोर वेळेवर धरतो आणि एप्रिलच्या सुरुवातीला बाजार भरतो. पाऊस लांबला की सगळा हंगामच पुढे सरकतो. त्यामुळे दिवाळीत पाऊस पडत असेल, तर पुढच्या वर्षी आंबा उशिरा घ्यायचा, अशी खूणगाठ मी बांधून ठेवते. एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेचा पहिला पंधरवडा ही सर्वसाधारणपणे उत्तम वेळ. त्या दिवसांत माल मुबलक असतो, भाव उतरलेले असतात आणि फळ पूर्ण तयार होऊन उतरवलेले असते.

पेटी घेताना वरचा थर पाहून समाधान मानू नये. एका पेटीत किती डझन आहेत, हे आधी विचारावे, कारण फळ लहान असले की त्याच पेटीत जास्त डझन बसतात आणि दोन पेट्यांच्या भावाची तुलनाच होऊ शकत नाही. मग खालच्या थरातले दोन-तीन आंबे काढायला सांगावे. चांगला हापूस देठापाशी किंचित खोलगट आणि खांद्याला भरलेला असतो, साल पातळ असते आणि पिकत आलेल्या फळाचा वास हातात न घेताही येतो. संपूर्ण पेटी एकसारखी पिवळीधमक असेल, फळ दाबल्यावर टणक लागत असेल आणि वास नसेल, तर ती तिथेच सोडावी. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवायला कायद्याने बंदी आहे, आणि अशी पेटी पाहून शंका आल्यास ती न घेण्याची भीड मुळीच बाळगू नये. नैसर्गिकरीत्या पिकलेल्या पेटीत एखादे फळ हिरवट, एखादे केशरी, एखाद्याच्या सालीला नुकत्याच सुरकुत्या पडू लागलेल्या, असा सगळा संसार असतो. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी कर्नाटकातला हापूसही याच बाजारात, पुष्कळदा त्याच पेंढ्यात मांडलेला असतो. त्याची साल जाड असते आणि वास मंद असतो. तो वाईट नाही, स्वस्तही आहे, पण देवगडच्या भावात घेऊ नये.

आणि एवढे सगळे पाहूनही एक गोष्ट कोणालाही बाहेरून दिसत नाही, ती म्हणजे साका. आंबा बाहेरून देखणा आणि कापल्यावर आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा. गाळेवाल्यालाही तो ओळखता येत नाही. इथे वर्षभराची ओळख उपयोगी पडते. मी ज्या गाळ्यावरून नियमित घेते, तिथले काका मूळचे जुन्नरकडचे. साका निघालेल्या फळांची मोजदाद ते माझ्या शब्दावर मान्य करतात आणि पुढच्या वेळी तितकी फळे पिशवीत घालतात. त्याहून मोलाचे म्हणजे ते कधीकधी माल देत नाहीत. “ताई, आज नेऊ नका, परवाच्या गाडीचा माल बघा,” असे एखाद्या व्यापाऱ्याने स्वतःहून सांगावे, ही सेवा कोणत्याही ॲपवर मिळत नाही.

हापूस संपता संपता पायरी आणि केसर असतात. आमरसाला मला पायरीच आवडते. जूनमध्ये पहिल्या सरी आल्या की बाजाराचा रंग दोन-चार दिवसांत बदलतो. पेट्यांचा ढीग ओसरतो, पालघरकडची टपोरी बहाडोली जांभळे येतात, शेवटच्या लिच्या असतात, आणि उत्तरेकडचे लंगडा, दशेरी, मग चौसा. पावसाळ्यात इथे जपून यावे. फरशी ओली, त्यावर पेंढ्याचा चिखल आणि बाहेर पदपथावर निळ्या ताडपत्र्यांतून मानेवर पडणारे पाणी, यांमुळे जुलैत बाजार अर्धा रिकामा असतो. मात्र याच काळात गाळेवाल्यांना बोलायला वेळ असतो आणि हिमाचलकडचे आलुबुखार, पीच व नासपती ताजे मिळतात. घरी मुले असतील तर आलुबुखार अवश्य न्यावेत, फक्त देठाजवळ घट्ट असलेले निवडावेत, म्हणजे लोकलच्या गर्दीत ते पिशवीतच फुटणार नाहीत.

माझ्या मते मात्र या बाजाराचे खरे वैभव सीताफळ आहे, आणि त्याचे जितके कौतुक व्हायला हवे तितके होत नाही. गणपती जवळ आले की पुरंदरकडचा माल दिसू लागतो आणि दिवाळीपर्यंत टिकतो. बीडच्या सीताफळाला तर भौगोलिक मानांकनही आहे. सीताफळ निवडताना रंगाकडे पाहण्यात अर्थ नाही, डोळ्यांकडे पाहावे. डोळे एकमेकांपासून सुटलेले आणि मधल्या खाचा पांढरट-पिवळसर झालेल्या असतील, तर फळ झाडावर पुरेसे थांबलेले आहे आणि घरी दोन-तीन दिवसांत पिकेल. डोळे मिटलेले, खाचा हिरव्या असतील, तर ते फळ मऊ होईल पण गोड होणार नाही, काळे मात्र नक्की पडेल. कच्चे फळ फ्रिजमध्ये ठेवू नये. मी गुरुवारी घट्ट फळे घेते, ती शनिवारी-रविवारी खाण्याजोगी होतात, आणि हा हिशेब गाळेवाल्यालाही ठाऊक असल्याने तो विचारतो, “आज खायची का रविवारी?” ज्यांना घरी नेण्याचा खटाटोप नको, त्यांनी समोरच्या, १९०५ पासून चालू असलेल्या बादशाहमध्ये जावे, फालुदा प्रसिद्ध आहेच, पण हंगामात सीताफळाचे काही मिळत असेल तर मी आधी तेच मागते.

थंडीत सगळे एकदम येते. नागपुरी संत्री नोव्हेंबरपासून असतात, पण मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुलोरा आलेली, फेब्रुवारी-मार्चमधली, मला अधिक गोड लागतात. पेरू, आवळे आणि संक्रांतीच्या तोंडावर बोरे. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी नोव्हेंबरअखेर येऊ लागते. पहिला माल दिसायला सुंदर आणि चवीला आंबट असतो, म्हणून जानेवारीपर्यंत थांबणे बरे. स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर पिकत नाही, त्यामुळे देठाकडचा भाग पांढरा असेल तर तो गोड होण्याची वाट पाहू नये, आणि खोका उलटा करून तळाची फळे नक्की पाहावीत. नाशिकच्या द्राक्षांचेही तसेच: देठ हिरवा असावा आणि मण्यांवरची पांढरी लव पुसून गेलेली नसावी. ती लव फळाची स्वतःचीच असते. औषध समजून लोक तसा घड टाळतात, हे पाहून वाईट वाटते. पुरंदरचे ताजे अंजीर फार नाजूक असतात आणि घरी पोहोचेपर्यंत टिकवणे हे कौशल्याचे काम आहे, म्हणून ते मी तिथेच खाते.

फळांच्या पलीकडेही या परिसरात वर्ष दिसत राहते. होळीआधी पिचकाऱ्या, मेअखेरीस छत्र्या व रेनकोट, दिवाळीपूर्वी लोहार चाळीत दिव्यांच्या माळा, डिसेंबरात नाताळचे तारे. रमजानच्या खजुराचा महिना मात्र ठरावीक नसतो; चांद्र वर्षामुळे तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. कधी तो कलिंगडांच्या दिवसांत येतो, कधी थंडीत, आणि त्याप्रमाणे खजुराशेजारी मांडलेली फळे बदललेली असतात. हे पाहायला संध्याकाळी, उपवास सुटण्याच्या तासभर आधी यावे.

आता उणिवा, कारण त्या सांगितल्याशिवाय कोणालाही तिथे पाठवणे योग्य होणार नाही. भाव लिहिलेले फलक जवळपास नाहीतच. नवख्या माणसाला, विशेषतः पर्यटकाला, सांगितलेला भाव आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाचा भाव यांत मोठी तफावत असते. घासाघीस करावीच लागते, आणि ज्यांना ती जमत नाही त्यांच्यावर हा अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. भाव किलोचा, डझनाचा की नगाचा, हे फळ पिशवीत पडण्याआधी ठरवावे आणि काट्याचा आकडा स्वतः वाचावा. प्रवेशाजवळ हात धरून आत नेऊ पाहणारी, चाखायला फोड पुढे करणारी माणसे भेटतात. त्यांच्यामागे न जाता सरळ आतल्या रांगेत जावे. दर्शनी गाळ्यांवर चकचकीत मेणाची सफरचंदे, परदेशी किवी आणि ड्रॅगन फ्रूट बाराही महिने रचलेले असतात. ते घ्यायला इथवर येण्याची गरज नाही, ते कोणत्याही मॉलमध्ये मिळते. स्वच्छतेची अपेक्षा बेताची ठेवावी. वृद्धांना घेऊन जायचे असेल तर पावसाळा आणि दिवाळीआधीचा आठवडा टाळावा.

शेवटी घरी नेण्याविषयी, कारण लोकलने जाणाऱ्याला तेच महत्त्वाचे. टोपली घेऊन मागे येणारे हमाल टॅक्सीपर्यंत माल पोहोचवतात. मजुरी आधी ठरवावी आणि ती देताना हात आखडू नये, कारण आंब्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन त्या गर्दीतून वाट काढणे सोपे नाही. पेटी गाडीत न्यायची असेल तर साडेपाचच्या आत सीएसएमटी गाठावे आणि सुटणारी गाडी पकडून पेटी वरच्या फळीवर आडवी ठेवावी. त्यानंतर निघाल्यास मालडब्याशिवाय पर्याय नाही. पेटी झेपत नसेल तर गाळेवाल्याला दोन डझन खोक्यात पेंढा घालून बांधून द्यायला सांगावे, तो देतो. सीताफळे कापडी पिशवीत, सर्वांत वर. स्ट्रॉबेरीचा खोका मांडीवरच धरावा, आणि बसायला जागा मिळणार नसेल तर त्या दिवशी स्ट्रॉबेरी घेऊ नये, संत्री घ्यावीत.