टेस्ट262 वापरून बघितलं, टक्क्यांच्या नादी लागू नका

कुठला ब्राउझर जावास्क्रिप्टचं स्टँडर्ड किती पाळतो ते बघायचं तर टेस्ट262 या टेस्टच्या संचाला तोड नाही. फुकट आहे, आणि भाषेत काय येणार ते ठरवणाऱ्या टीसी39 कमिटीचंच आहे, म्हणजे कुणा एका ब्राउझरवाल्याची जाहिरात नव्हे. फक्त रेपो (सगळ्या फाइलींचा साठा) डाउनलोडला लावून चहाला जा, 50 हजाराच्या वर फाइली आहेत आणि पावसाळ्यात आमच्या म्हापशातलं नेट तुम्हाला माहितीच आहे.

एकेक टेस्ट बघायला मजा येते. वर कमेंटमध्ये स्टँडर्डचं कुठलं कलम तपासतोय ते, खाली थोडासा कोड, बस. काही टेस्टमध्ये मुद्दाम चुकीचा कोड असतो, तिथे एरर आली तरच पास! शिवाय बहुतेक फाइली स्ट्रिक्ट मोडमध्ये (जावास्क्रिप्टचे जरा कडक नियम) एकदा आणि साध्या मोडमध्ये एकदा चालवायच्या.

आम्हाला कामाला कुठे आलं सांगतो. कळंगुटच्या एका गेस्टहाउसची बुकिंग साइट आमच्याकडे आहे, काही गेस्टना जुन्या फोनवर नुसतं पांढरं पान दिसायचं आणि मालक सारखा फोन करून "अरे सर्व्हर बंद पडला काय" विचारायचा. निघालं काय तर रेजेक्समधला (मजकुरात नमुना शोधायची भाषा) लुकबिहाइंड, म्हणजे नमुन्याच्या आधी काय आहे ते बघणारा सिंटॅक्स. स्टँडर्डमध्ये तो 2018 ला आला, पण एका मोठ्या ब्राउझरने दिला थेट 2023 ला, आणि असला सिंटॅक्स ब्राउझरला कळला नाही की तेवढी ओळ नाही, अख्खी स्क्रिप्टच बोंबलते. टेस्टच्या वरच्या कमेंटमध्ये फीचरचं नाव असतं, त्यावर ग्रेप मारला (फाइलींत ते नाव शोधलं) की तेवढ्याच टेस्ट वेगळ्या चालवता येतात, हे बेस्ट.

किती टक्के टेस्ट पास झाल्या तो आकडा मात्र फसवा. टेम्पोरलच्याच (तारीख-वेळ हाताळायची नवी सोय) टेस्ट हजारोंनी आहेत, ते नसेल तर ब्राउझरचा स्कोअर धाडकन खाली, आपल्या साइटवर त्याचा वापर शून्य असला तरी. उलट टेल कॉल (फंक्शनच्या शेवटी दुसरं फंक्शन बोलावताना जादा मेमरी न लागू देणं) 2015 पासून स्टँडर्डमध्ये आहे, मोठ्या तीन ब्राउझरांत तो फक्त सफारीत, आणि बाकीच्यांत नाही म्हणून कुणाचं काही अडलंय असं मला तरी दिसलं नाही.

डॉम (पानाची रचना), सीएसएस (पानाचं रूप), स्पीड यातलं काही हे तपासत नाही, त्यासाठी वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स वगैरे वेगळं बघा. नवख्याला सेटअप जरा किचकट वाटेल. तयार निकाल टेस्ट262 डॉट एफवायआय वर मिळतात, पण ते इंजिनच्या (ब्राउझरमधला जावास्क्रिप्ट चालवणारा भाग) ताज्या बिल्डचे, गेस्टच्या हातातल्या वर्षानुवर्षं अपडेट न केलेल्या फोनचे नव्हेत. तो फोन कुणाकडून तरी मागूनच आणावा लागतो.