वस्तीवरचं ऑफ-ग्रिड सोलर, पंधरा महिने वापरून

बरेच जण फोन करून आमच्या ऑफ-ग्रिड सोलरचं (म्हणजे लाइटच्या लाइनीला न जोडलेलं) विचारायलेत म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. आमची वस्ती सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूला, माळढोक अभयारण्य जवळच. डीपी (ट्रान्सफॉर्मर) वस्तीपासनं सव्वा किलोमीटर लांब, तेवढे पोल टाकायचं कोटेशन ऐकल्यावर वडील म्हणले राहू दे बाबा, कंदीलच बरा. आणि खरं सांगायचं तर त्या माळावर अजून एक तार ओढायला माझंही मन होत नव्हतं, माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, उडताना तारेला धडकून मरतात ते पक्षी.

डोक्यात किडा घातला तो आमच्या दाजींनी. पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन सामोआमधल्या ताऊ बेटाचं कुठंतरी वाचलं त्यांनी आणि मला पाठवलं. सहाशेच्या आत वस्ती, बेटाचा बराच भाग नॅशनल पार्कमध्ये, आधी बोटीनं डिझेल आणून जनरेटर चालवायचे, 2016 मध्ये 1.4 मेगावॅटचं सोलर आणि 60 मोठ्या बॅटऱ्या बसवल्या आणि बेट जवळपास पूर्ण उन्हावर. सूर्य दिसला नाही तरी तीन दिवस निघतात म्हणे. दाजी म्हणले, तुमची वस्ती तरी काय वेगळी आहे, चारी बाजूला समुद्राऐवजी माळ एवढंच! मला पटलं ते. आपल्या घारापुरीला समुद्राखालनं केबल टाकून 2018 साली लाइट पोचली, तिथं मुंबई समोर दिसते म्हणून जमलं, आमच्यासाठी कोण केबल टाकतंय.

तर सेट असा आहे: 540 वॅटचे सहा पॅनल, 5 केव्हीएचा इन्व्हर्टर, आणि 48 व्होल्ट 100 एएचची एक लिथियम बॅटरी, म्हणजे साधारण 5 युनिट. सगळं मिळून पावणेतीन लाखाच्या आसपास गेले, मागच्या वर्षी जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली त्याच आठवड्यात बसवलं. सबसिडी मिळाली नाही. केंद्राच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार मिळतात ते लाइट कनेक्शनला जोडलेल्या सोलरलाच, आमच्याकडं कनेक्शनच नाही तर कशाला मिळतील. (बोअरची मोटार वेगळी, ती दुसऱ्या योजनेतल्या सौर पंपावर चालते, तिचा हिशोब हितं धरलेला नाही.)

आता मुद्द्याचं. दुकानात गेलात की सगळे पॅनलवरच बोलतात, किती वॅट, कुठली कंपनी, पंचवीस वर्षं वॉरंटी. माझं म्हणणं ऐका, ऑफ-ग्रिडमध्ये तुम्ही पॅनल विकत घेत नाही, रात्र विकत घेता, म्हणजे बॅटरी. सोलापुरात ऊन फुकट आहे बे, ते कमी पडत नाही. त्या ताऊ बेटाकडं 6 हजार युनिटची बॅटरी, म्हणजे माणशी 10 युनिट. आम्ही पाच माणसं आणि बॅटरी 5 युनिटची, माणशी एक! हा हिशोब मी पैसे भरल्यावर केला, तुम्ही आधी करा.

उन्हाळ्यातल्या रात्रीचा हिशोब असा लागतो. कूलर दीड-पावणेदोन युनिट, दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) फॅन आणि फ्रिज मिळून एक-सव्वा, लाइट-राउटर-कॅमेरा अर्ध्याच्या आत, आणि इन्व्हर्टर स्वतःच नुसता चालू राहायला पन्नास-साठ वॅट खातो, रात्रभराचं ते पाऊण युनिट झालं, हे कोणी सांगत नाही. बॅटरी पार शून्याला न्यायची नाही म्हणून हातात येतात चार-साडेचार. रात्री नऊला डिस्प्लेवर 91 टक्के, पहाटे पाचला 18. मागच्या मे महिन्यात पाहुणे आले आणि दुसरा कूलर लावला, तीन वाजता सगळं ठप्प, पाहुण्यांसकट आम्ही सगळे अंगणात बाजा टाकून.

याच्या उलट दुपारची गंमत. साडेबारा-एकला बॅटरी फुल्ल होते आणि त्यानंतरचं ऊन तसंच वाया जातं, कारण ते घेणारं कोणी नाही. म्हणून घराचं टाइमटेबलच बदललं. घरगुती गिरणी अकरा ते दोनमध्येच, मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन सगळं त्याच वेळात. एकदा संध्याकाळी सातला आईनं शेंगा चटणीसाठी मिक्सर लावला, मी गिरणी लावली आणि फ्रिजनंही नेमकं तेव्हाच सुरू व्हायचं ठरवलं, इन्व्हर्टर टूं टूं करून बंद. मोटारीचं कुठलंही यंत्र सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतं. आईनं त्या दिवशी उरलेली चटणी उखळात कुटली आणि ती मिक्सरपेक्षा भारी झाली ते सोडा.

अजून एक गैरसमज, की मे महिन्यात सोलर सगळ्यात जास्त चालतं. नाही चालत. पॅनलचा आकडा 25 डिग्रीला मोजलेला असतो, आपल्याकडं 43 डिग्रीला काच 65 च्या वर जाते, आणि प्रत्येक डिग्रीमागं साधारण 0.35 टक्के उत्पादन घटतं. माझ्या डिस्प्लेवर मेच्या दुपारी 2400 वॅटच्या पुढं क्वचित दिसलं, जानेवारीतल्या थंड स्वच्छ दुपारी 2800 दिसलेत. सगळ्यात वाईट गेला सप्टेंबर. परतीचा पाऊस, सलग तीन दिवस ढग, फ्रिज बंद, दूध शेजारच्या वस्तीवर.

पॅनल पुसायचं काम पहाटेच करा, तापल्या काचेवर गार पाणी मारू नका. आणि बोअरचं पाणी तर नकोच, मी महिनाभर मारलं आणि काचेवर पांढरे क्षार धरले, ते काढायला वडिलांनी चिंचेचं पाणी लावायचं सुचवलं, मी पावसाचं साठवलेलं पाणी आणि मऊ फडकं वापरलं.

आता बसवणाऱ्यांबद्दल. नाव लिहीत नाही. माल चांगला दिला, काम घाईचं केलं. अर्थिंगची पट्टी जमिनीत जेमतेम दोन फूट, वळवाच्या पहिल्या वाऱ्यात दोन बोल्ट सैल झाले, फोन केला की "उद्या पोरगं पाठवतो". ते पोरगं सतराव्या दिवशी आलं, कामाला हुशार निघालं, त्याला चहा पाजून मी सगळे बोल्ट परत आवळून घेतले.

शहरात राहणाऱ्यांनी मात्र माझं बघून ऑफ-ग्रिड घेऊ नका. दाजींनी जुळे सोलापुरात ऑन-ग्रिड (लाइटच्या लाइनीला जोडलेलं) बसवलंय, सबसिडी मिळाली, बिल जवळपास शून्य. फक्त भर उन्हात लाइट गेली की त्यांच्या घरातही अंधार, आणि ते दुकानदाराला शिव्या घालत होते. दुकानदाराची चूक नाही त्यात. खांबावर वायरमन काम करत असताना तुमच्या गच्चीवरनं करंट लाइनीत गेला तर माणूस मरेल, म्हणून ग्रिड बंद झालं की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. त्याला म्हणतातच अँटी-आयलंडिंग. म्हणजे दाजींच्या घराला बेट व्हायची परवानगीच नाही! बॅकअप पाहिजेच असेल तर हायब्रिड (लाइनही आणि बॅटरीही) घ्या, पैसे जास्त जातात.

पाचपैकी साडेतीन. अर्धा अर्थिंगचा कापला, एक सप्टेंबरचा. आता दुसरी बॅटरी घ्यायची आहे, सातवा पॅनल नाही.

आणि पॅनल लावताना दुपारी चारची सावली बघून लावा. आमच्या कडुनिंबाची एक फांदी चारनंतर एका पॅनलवर येते, आणि सगळे एका माळेत असल्यामुळं सगळ्या सेटचा आकडा पडतो. फांदी तोडायची म्हणलं तर आई तोडू देत नाही, तिच्या म्हशीला त्याच वेळी तिथली सावली लागते.