लोकवर्गणीतून घेतलेलं इंटरॅक्टिव्ह पॅनेल: वर्षभर वापरल्यानंतर

पॅनेल, म्हणजे वर्गातला मोठा टचस्क्रीन फळा, वाईट नाही, हे आधी सांगते. मागच्या बाकावरूनही अक्षरं वाचता येतात, टच अजून नीट चालतो. तरीही पाचपैकी दोनच तारे देतेय आणि त्याला कारण एकच: आतल्या अभ्यासक्रमाचं लायसन्स, म्हणजे तो वापरायचा परवाना.

आमच्या जिल्हा परिषद शाळेसाठी गावानं वर्गणी काढली. 'सगळा अभ्यासक्रम आत आहे, इंटरनेट लागत नाही,' असं विक्रेता म्हणाला, आणि ते खरं होतं. पहिले काही महिने मी भेटेल त्या शिक्षकाला हेच पॅनेल घ्या म्हणत होते. मग जूनमध्ये शाळा उघडली, आठवीचा पाठ लावला, तर पडद्यावर चौकट आली: मुदत संपली, नूतनीकरण करा. कंपनीला फोन केला तर आधी 'इंजिनीअर पाठवतो', मग 'व्हिजिटचे पैसे भरा'. शेवटी कळलं की बिघाड काहीच नाही, दरवर्षी पैसे भरायचेत. कोटेशनमध्ये ही अट कुठेच नव्हती. व्हिडिओ पॅनेलच्याच मेमरीत आहेत, तरी त्यांना कुलूप! कापूस विकून वर्गणी देणाऱ्या पालकांना मी काय सांगायचं? हा राग अजून गेलेला नाही.

कंपनीच्या प्रशिक्षणात फक्त बटणं दाखवली होती. पाठात हे कुठे आणायचं, ते शिकवलं आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या एका सरांनी, शिक्षण परिषद (शिक्षकांची बैठक) संपल्यावर शेजारी बसून. त्यांनी पेनड्राइव्हवर 'फेट'ची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारे प्रयोग दिले. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. सगळं मोफत, बरंचसं मराठीतही. एक सिम्युलेशन म्हणजे काही एमबींची एचटीएमएल फाइल. एकदा उतरवली की ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय उघडते, आणि तिला मुदत नाही. शाळेचा जुना लॅपटॉप एचडीएमआयनं पॅनेलला जोडला. टचची यूएसबी केबलही लावा, नाहीतर नुसतं चित्र दिसतं.

'धाराविद्युत आणि चुंबकत्व' शिकवताना परिपथाचं सिम्युलेशन लावलं. बल्ब विद्युतधारा वापरून टाकतो, असं बहुतेक मुलांना वाटतं. त्यांनीच बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे धारा मोजणारा अ‍ॅमीटर लावला. दोन्हीकडे आकडा सारखाच. लगेच प्रश्न आला, "मग सेल संपतो कशानं, मॅडम?" धारा वेगळी, ऊर्जा वेगळी, यावर अख्खी तासिका गेली आणि मला ती हवीच होती. एकानं तार थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडली, तर पडद्यावर जाळ! हे खऱ्या बॅटरीवर मी कधीच करू देणार नाही. कंपनीच्या व्हिडिओतही परिपथ होता, पण तिथं मुलांच्या हाताला काम नव्हतं.

आधी मला आतला अभ्यासक्रम हीच या पॅनेलची खरी किंमत वाटायची. आता तो नसता तरी चाललं असतं असं वाटतं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपमध्ये स्कॅन करून व्हिडिओ उतरवून ठेवता येतात, ई-बालभारतीवर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात.

घेणाऱ्यांनी एवढं करा: मुदत संपल्यावर काय चालू राहणार आणि दरवर्षी किती भरायचे, हे कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी शब्द घेऊ नका.

आम्ही नूतनीकरण करणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत ठरलंय, त्या पैशांत इन्व्हर्टरची नवी बॅटरी घ्यायची. दुपारच्या तासिकांना वीज गेली की पॅनेल बंदच पडतं.