चुकणारी, खोटे बोलणारी आणि तरीही मनापासून आवडणारी नायिका : ‘मिस मार्वल – नो नॉर्मल’

अतिमानवी शक्ती लाभलेल्या नायकांच्या कथा बहुधा शक्तीपासून सुरू होतात आणि शत्रूपाशी संपतात. ‘मिस मार्वल’ या चित्रकथा-मालिकेचा ‘नो नॉर्मल’ हा पहिला खंड मात्र सुरू होतो तो एका किराणा दुकानात, काचेआडच्या सँडविचमधील बेकनचा नुसता वास घेत उभ्या असलेल्या सोळा वर्षांच्या मुलीपासून. ते खाणे तिच्या धर्मात निषिद्ध आहे, ती ते खाणारही नाही, पण वासाचा मोहही तिला आवरत नाही. कमला खान ही मुलगी कशी आहे, हे पहिल्या दोन-तीन पानांतच इतक्या नेमकेपणाने कळते, की पुढचे सारे त्यातूनच उलगडत जाते.

लेखिका जी. विलो विल्सन आणि चित्रकार एड्रियन अल्फोना यांची ही चित्रकादंबरी 2014 साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार मिळाला. न्यू जर्सीत वाढलेल्या, पाकिस्तानी स्थलांतरितांच्या घरातील, मार्वल या प्रकाशनसंस्थेच्या संपादिका सना अमानत आणि त्यांचे सहकारी स्टीफन वॅकर यांच्या गप्पांतून या पात्राची कल्पना पुढे आली. कदाचित म्हणूनच जर्सी सिटीतील खान कुटुंबाचे घर कोठेही बेतलेले वाटत नाही. बँकेत नोकरी करणारे, प्रेमळ पण रात्रीच्या पार्टीला ठाम नकार देणारे अब्बू, काळजीपोटी सतत रागावणारी अम्मी, आणि नोकरीपेक्षा नमाजात अधिक रमणारा थोरला भाऊ आमिर ही माणसे जेवणाच्या टेबलाभोवती बसून जे बोलतात, ते मुलुंडच्या किंवा नाशिकच्या घरातही सहज ऐकू येईल. न्यू जर्सीत मुले वाढवणाऱ्या मराठी आईवडिलांना तर ही पाने फारच ओळखीची वाटतील.

कमलाचा खरा दोष बंडखोरीचा नाही. तिला स्वतःऐवजी दुसरेच कोणीतरी व्हायचे आहे. पार्टीला चोरून गेल्यावर तिथल्या मुली तिच्या अंगाला करीचा वास येतो म्हणून नाक मुरडतात. अपमानित होऊन ती घराकडे निघते, तेव्हा शहरावर पसरलेल्या गूढ धुक्यात तिची शुद्ध हरपते आणि तिच्या आवडत्या वीरांगनेचे, कॅप्टन मार्वलचे, तिला दर्शन होते. या दृश्यात अमीर खुसरोच्या ‘सकल बन फूल रही सरसों’ या ओळी येतात. अमेरिकी वीरांच्या तोंडी खुसरो घालण्याची ही कल्पना मला अतिशय सुंदर वाटली, कारण त्या मुलीच्या मनात दोन्ही जगे खरोखरच एकमेकांत मिसळलेली आहेत. ती वर मागते तो सुंदर, पराक्रमी आणि कमी गुंतागुंतीचे होण्याचा. वर मिळतो आणि ती शब्दशः सोनेरी केसांची गोरी स्त्री होते.

येथे लेखिकेचे कसब दिसते. रूप बदलणे हीच कमलाची शक्ती आहे आणि तोच तिचा दोषही आहे. त्या उसन्या रूपात पोशाख जागोजागी काचतो, उंच टाचांचे बूट नकोसे होतात, केस डोळ्यांवर येतात, आणि हवे ते सारे मिळूनही तिला मोकळे वाटत नाही. तरीही, तिला हिणवणारी झोई ही मुलगी नदीत पडते तेव्हा कमला राक्षसी आकाराचा पंजा पाण्यात घालून तिला बाहेर काढते. एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, ही कुराणातील शिकवण तिला त्या क्षणी आठवते. हा प्रसंग उपदेशाकडे झुकत नाही, कारण तो प्रचंड हात चित्रात अगदीच बेढब आणि हास्यास्पद दिसतो.

पुढेही ती शहाणी होत नाही, हे मला विशेष आवडले. ती आईवडिलांशी खोटे बोलते, नकिया या जिवलग मैत्रिणीपासून गुपित लपवते, आणि ब्रुनो या मित्राच्या वाट चुकलेल्या भावाला सोडवण्यासाठी कसलीही तयारी न करता गुंडांच्या अड्ड्यात शिरून सपशेल तोंडघशी पडते. त्यानंतर ती सराव करते आणि जुन्या बुर्किनीपासून (सर्वांग झाकणाऱ्या पोहण्याच्या कपड्यापासून) बनवलेल्या स्वतःच्या पोशाखात पुन्हा जाते. पाचव्या प्रकरणात पुन्हा चोरून बाहेर गेलेली मुलगी सापडल्यावर अम्मी संतापते आणि अब्बू तिला जवळ घेतात. या पुस्तकातील सर्वांत हृद्य प्रसंग हाच आहे. मशिदीतील व्याख्यानाच्या वेळी मुलींना पडद्यामागे का बसवतात, असा कमला थेट प्रश्न विचारते, तो प्रसंगही लहान पण प्रामाणिक आहे.

अल्फोनाच्या चित्रांसाठी प्रत्येक पानावर थोडे रेंगाळावे. दुकानातील खोक्यांवर आणि भिंतींवरील पाट्यांवर त्याने इतक्या गमती पेरल्या आहेत, की दुसऱ्या वाचनातही नवे काही सापडते. रंगकार इयन हेरिंगचे मवाळ, किंचित पिवळसर रंग या साऱ्याला ऊब देतात.

उणिवा आहेत. शाळेतील झोई आणि तिची मित्रमंडळी निव्वळ खलवृत्तीची, सपाट पात्रे राहतात. ते धुके कोठून आले, याचा खुलासा मार्वलच्या इतर कथा न वाचणाऱ्याला येथे मिळत नाही. खलनायक इन्व्हेंटर जवळजवळ शेवटपर्यंत नावापुरताच राहतो आणि खंड संपतो तेव्हा कथा अर्ध्यावर असते. त्यामुळे ‘जनरेशन व्हाय’ हा दुसरा खंड सोबतच मागवावा. त्याची पहिली दोन प्रकरणे जेकब वायट या दुसऱ्या चित्रकाराने काढली आहेत, पण नंतर अल्फोना परततो. बारा-तेरा वर्षांपुढील, साधे इंग्रजी वाचू शकणाऱ्या मुलामुलींच्या हाती हे पुस्तक निःशंकपणे द्यावे, आणि त्यांचे वाचून झाले की पालकांनी ते मागून घ्यावे.