कॉन्फिगरेशन मॅनेजरमधल्या जुन्या क्वेरी पॉवरशेलने काढून टाकताना: सात महिन्यांचा अनुभव

आमचा कारखाना पीथमपूरला, मी राहतो इंदूरच्या रामबागेत. कंपनीतले संगणक एका जागेवरून सांभाळणारं मायक्रोसॉफ्ट कॉन्फिगरेशन मॅनेजर हे सॉफ्टवेअर आमच्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे आणि तेवढ्याच वर्षांच्या क्वेरी (त्या संगणकांची माहिती शोधायला साठवलेले प्रश्न) त्यात साठल्या होत्या, दीडशेच्या वर. ‘टेस्ट’, ‘टेस्ट २’, ‘नवीन फायनल’ अशी त्यांची नावं. गेले सात महिने मी त्या कन्सोलमधून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या खिडकीतून, डिलीट न करता पॉवरशेलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून, डिलीट करतोय.

पॉवरशेलच्या आज्ञा या सॉफ्टवेअरमध्ये २०१२ आवृत्तीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून आल्या. पहिल्या दिवशी अडायला होतं ते एकाच ठिकाणी: मॉड्यूल (या आज्ञांचा संच) लोड करून आपल्या साइट कोडच्या ड्राइव्हवर गेल्याशिवाय या आज्ञा चालत नाहीत. तीन अक्षरांचा साइट कोड आणि पुढे कोलन, एवढंच. एकदा हाताला सवय झाली की प्रश्न येत नाही.

मला खरी आवडली ती डिलीट करण्याची आज्ञा नव्हे, तर क्वेरींची माहिती देणारी गेट-सीएमक्वेरी. कन्सोलच्या मॉनिटरिंग भागात यादी उघडली की नावं दिसतात. आतली डब्ल्यूक्यूएल (क्वेरी ज्या भाषेत लिहितात ती) वाचायला एकेक क्वेरी उघडत बसावं लागतं. इथे नाव, आयडी, टिप्पणी आणि पूर्ण एक्स्प्रेशन (डब्ल्यूक्यूएलचा मजकूर) एका सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये, उतरलं. वेगवेगळ्या नावांच्या सहा क्वेरी अक्षरशः एकच निघाल्या. ‘एसएमएस’ने सुरू होणारे आयडी मुळात सॉफ्टवेअरसोबत येतात, त्यांना हात लावला नाही. आपण केलेल्यांचा आयडी आपल्या साइट कोडने सुरू होतो.

क्वेरी डिलीट केली तर तिच्यावर बनलेलं कलेक्शन (संगणकांचा गट) बंद पडेल, अशी भीती सगळ्यांनाच वाटते. ती नको. कलेक्शनच्या नियमात क्वेरी आयात केली की तिथे डब्ल्यूक्यूएलची प्रत जाते, मूळ क्वेरी गेली तरी कलेक्शन चालू राहतं.

धोका दुसरीकडे होता. दुसऱ्याच आठवड्यात मी ‘टेस्ट २’ काढली आणि शनिवारी स्टोअरला डिस्क भरत आलेल्या मशीनची यादी गेली नाही. एका जुन्या स्क्रिप्टमध्ये इन्व्होक-सीएमक्वेरीला (क्वेरी चालवणाऱ्या आज्ञेला) तोच आयडी दिलेला होता. या क्वेरींना रिसायकल बिन नाही. सीएसव्ही जपून ठेवली होती म्हणून एक्स्प्रेशन हाती होतं, त्यावरून क्वेरी परत बनवली. पण तिला आयडी नवा मिळाला, म्हणून स्क्रिप्टही बदलावी लागली. सोमवारी कंपनीच्या बसमध्ये आमच्या दादांना (माझ्याआधी हे काम तेच बघायचे) छापील यादी दाखवली. ‘टेस्ट २’वर बोट ठेवून म्हणाले, “अरे, हिचं नाव बदलायचं राहूनच गेलं माझ्याकडून.” त्यानंतर पंधरा दिवस आम्ही जाता-येता यादी वाचत होतो. कोणती क्वेरी कुठल्या ऑडिटसाठी, कोणत्या प्लांटसाठी बनली, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मी ते सगळं टिप्पणीत लिहून काढलं, आणि या सात महिन्यांतलं माझं सर्वांत मोलाचं काम तेच आहे असं मला वाटतं.

आता माझी रीत ठरलेली आहे. आधी स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये आयडी शोधायचा. मग एक्सपोर्ट-सीएमक्वेरीने क्वेरीची एमओएफ फाइल (तिची प्रत) काढून ठेवायची. मग रिमूव्ह-सीएमक्वेरी, पण पहिल्यांदा व्हॉटइफ लावून: काय जाणार ते दिसतं, जात काहीच नाही. नावाने काढत नाही, आयडीनेच. फोर्स लावलं की विचारणा होत नाही, म्हणून ते मी एकदाही वापरलेलं नाही. आणि नवीन मुलांच्या सॉफ्टवेअरमधल्या भूमिकेतून (रोलमधून) क्वेरी डिलीट करण्याचा हक्कच काढून घेतलाय, बघण्याचा आणि चालवण्याचा ठेवलाय.

एकदोनच क्वेरी काढायच्या असतील तर कन्सोल पुरेसं आहे, त्यासाठी हे सगळं शिकू नका. आमच्याकडे आता चाळीसेक उरल्यात. त्यातल्या अकरांचा मालक दादांनाही आठवत नाही. त्यांच्या टिप्पणीत तारीख घालून ठेवलीय, दिवाळीपर्यंत कुणी विचारलं नाही तर एमओएफ काढून त्याही जातील.